गालाखालचा शब्द

रमजान सुरू झाला की वर्तमानपत्रांतून खजूर येतो, शीरखुर्मा येतो, इफ्तारच्या बाजारातल्या गर्दीचे फोटो येतात. ते यावेतच, महिना त्यांचा आहे. पण या महिन्यात रोजेदाराला सगळ्यात जास्त ओढ कशाची लागते, असे विचाराल तर खरे उत्तर वेगळे आहे. पहिले चार-पाच रोजे झाले की भूक आणि तहान अंगवळणी पडते. अंगवळणी पडत नाही ती तुटलेली झोप. रात्री इशानंतरची तरावीहची लांब नमाज आटोपून घरी यायचे, पाठ टेकते न टेकते तोच सहेरीसाठी उठायचे. पूर्वी गल्लीतून जागवणारा यायचा, डफ वाजवायचा, दारे ठोठवायचा. आता उशीखालचा मोबाइल थरथरतो. सहेरी झाली, फजरची नमाज झाली, की कामावर जाण्याआधी तासभर पुन्हा डोके टेकायला तीच उशी.

घरातली ही सगळ्यात गप्प वस्तू. तिच्यावर कुणी लेख लिहीत नाही. आज लिहायचा आहे, आणि त्यासाठी थेट स्पेनपर्यंत जायचे आहे. कारण स्पॅनिश भाषेत उशीला जो शब्द आहे, त्याच्या एका अभ्र्यात आठशे वर्षांचा इतिहास भरला आहे.

गालाची वस्तू

स्पॅनिश ही आज सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा आहे. आपल्याकडची मुलेही ती शिकू लागली आहेत. कुणी पुण्यातल्या कंपनीत नोकरी मिळावी म्हणून, कुणी फुटबॉलच्या वेडापायी, कुणी नुसती हौस म्हणून मोबाइलवर धडे गिरवत असते. पहिल्या काही धड्यांतच घरातल्या वस्तू येतात. 'कासा' म्हणजे घर, 'मेसा' म्हणजे टेबल, 'सिया' म्हणजे खुर्ची. सगळे छोटे, दोन अक्षरी, लॅटिनच्या घराण्यातले शब्द. मग अचानक पलंगावरची उशी येते आणि शिकणारा अडखळतो. उशीला स्पॅनिशमध्ये म्हणतात 'आल्मोआदा'. लिहिताना मधे 'ह' लिहायचा, बोलताना तो गिळायचा.

एवढ्या साध्या वस्तूला एवढे लांबलचक नाव का? ज्याच्या कानावर मशिदीतली अरबी पडत आली आहे, त्याला सुरुवातीच्या 'अल'वरूनच शंका येईल. ती शंका बरोबर आहे. हा शब्द मुळात अरबी आहे : 'अल-मिखद्दा'. 'अल' हा अरबीत नामाच्या आधी लागणारा निर्देशक. उरला 'मिखद्दा'. अरबीत 'खद्द' म्हणजे गाल.

इथे अरबी व्याकरणातली एक गंमत समजून घेण्यासारखी आहे. एखाद्या धातूला सुरुवातीला 'मि' जोडून त्या कामाचे साधन सांगणारा शब्द बनतो. 'वजन' हा शब्द मराठीत रोजचा; तो अरबीतूनच आला. वजन करण्याचे साधन, म्हणजे तराजू, त्याला अरबीत 'मीजान' म्हणतात. 'फतह' म्हणजे उघडणे, जिंकणे. आपण 'फत्ते' म्हणतो तेच. उघडण्याचे साधन, म्हणजे किल्ली, ती 'मिफ्ताह'. याच साच्यातून 'खद्द'पासून 'मिखद्दा' : गाल टेकण्याचे साधन. मराठीत चाळणे या क्रियेवरून चाळणी होते, गाळणे यावरून गाळणी. त्याच चालीवर उशीला मराठीत 'गालणी' म्हणावे लागले असते.

हा शब्द स्पेनमध्ये गेला तेव्हा तिथल्या लोकांच्या कानाला 'अल' वेगळा ऐकू आला नाही. त्यांनी तो शब्दाचाच भाग मानला आणि त्याच्या आधी आपला 'ला' हा निर्देशक लावला. म्हणजे स्पॅनिश माणूस आज 'ला आल्मोआदा' म्हणतो तेव्हा एकाच उशीला दोन निर्देशक लावतो, एक लॅटिन वळणाचा आणि एक अरबी. अरबीतला घशातला 'ख' त्यांच्या जिभेला जमला नाही. कॅस्टिलच्या बोलीत तो हळूहळू मुका झाला. शेजारच्या पोर्तुगीज भाषेत त्याचा 'फ' झाला, म्हणून पोर्तुगीजमध्ये उशी म्हणजे 'आल्मोफादा'.

उशीला नाव देताना प्रत्येक भाषेने शरीराचा वेगळा भाग धरला आहे. फ्रेंच लोकांनी कान धरला : कानाला ते 'ओरेय' म्हणतात आणि उशीला 'ओरेये'. इटालियन लोकांनी अरबांसारखाच गाल धरला : 'ग्वांचा' म्हणजे गाल, 'ग्वांचाले' म्हणजे उशी. आपली मराठी 'उशी' संस्कृतातल्या 'उच्छीर्षक' या शब्दावरून आली. त्यात 'शीर्ष' आहे, म्हणजे डोके. डोके उंच ठेवणारी ती उच्छीर्षक. प्राकृतातून घासत घासत तिची 'उशी' झाली, आणि 'उशाशी तांब्या ठेव' म्हणताना आपण नकळत तेच शीर्ष सांगत असतो. उर्दू-हिंदीतला 'तकिया' मात्र शरीराचा भाग सांगत नाही, क्रिया सांगतो. त्याच्या मुळाशी टेकणे, रेलणे असा अर्थ आहे.

स्पॅनिश घरात उशीच्या जोडीला आणखी एक मऊ वस्तू असते. खुर्चीवर किंवा सोफ्यावर ठेवायच्या छोट्या गादीला ते 'कोहीन' म्हणतात. हा शब्द लॅटिन आहे आणि त्याच्या मुळाशी 'कोक्सा' म्हणजे कंबरेखालचे खुब्याचे हाड आहे. म्हणजे वाटणी अशी झाली : बसायची गादी लॅटिन, खुब्यावरून नाव पडलेली, झोपायची उशी अरबी, गालावरून नाव पडलेली. एका घरात दोन भाषा किती सहज नांदतात, याचे इतके नेमके उदाहरण शोधून सापडणार नाही.

राणीच्या डोक्याखाली

हे झाले कसे? इसवी सन ७११मध्ये तारिक बिन जियाद आफ्रिकेतून समुद्र ओलांडून स्पेनला उतरला. जिब्राल्टर हे नाव त्याच्याच 'जबल तारिक'वरून, म्हणजे तारिकच्या डोंगरावरून पडले. तेव्हापासून १४९२मध्ये ग्रानादा पडेपर्यंत स्पेनच्या लहानमोठ्या भागावर मुस्लिम राजवटी होत्या. त्या प्रदेशाला अरबीत 'अल-अंदलुस' म्हणत.

या काळाचे वर्णन करताना दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. कुणी तो नुसता सुवर्णकाळ म्हणून रंगवतो, कुणी नुसती लढाई. खरे तर दोन्ही होते. कोर्दोबा हे युरोपातले एक मोठे विद्येचे शहर होते. त्याच शहरात जन्मलेला थोर ज्यू विद्वान मूसा इब्न मैमून, पण ११४८मध्ये 'अल-मुवह्हिदून' या कडव्या राजवटीने कोर्दोबा घेतले आणि इतर धर्मीयांवर सक्ती सुरू केली, तेव्हा त्याच्या कुटुंबाला घर सोडावे लागले. हे सांगायलाच हवे, कारण पुढे जे सांगायचे आहे ते एकाच बाजूच्या दुःखाचे होऊ नये.

लढाया चालू असताना घरेही चालू होती. अभ्यासकांच्या हिशेबाने साधित शब्द धरून स्पॅनिशमध्ये सुमारे ४००० शब्द अरबीतून आले आहेत. त्यांत बहुतेक नामे आहेत, आणि बरीचशी घरातली, शेतातली, बाजारातली. साखर म्हणजे 'आसूकार' : संस्कृत 'शर्करा' फारसीतून अरबीत 'सुक्कर' होऊन तिकडे पोचली. कप म्हणजे 'तासा' : फारसी 'तश्त'वरून अरबीत 'तस्सा', तिथून स्पेनला, आणि तोच 'तश्त' आपल्याकडे जुन्या घरांत हात धुवायचे 'तस्त' म्हणून आला. भिंतीतले कपाट म्हणजे 'आलासेना' : अरबी 'खिजाना', ज्याच्याच कुळातला आपला 'खजिना'. वजिराचा झाला 'आल्ग्वासील', पण तिकडे त्याचा हुद्दा घसरत घसरत शिपायापर्यंत आला. सगळेच अरबी आहे असेही नाही. दुपारच्या झोपेला आमच्याकडे 'कैलूला' म्हणतात, ती सुन्नत मानली जाते. स्पेनची प्रसिद्ध दुपारची झोप 'सिएस्ता' मात्र लॅटिनमधल्या 'सहावा तास' या शब्दावरून आली आहे. झोपेची वेळ लॅटिन आणि उशी अरबी.

उशीचा एक पुरावा तर डोळ्यांनी पाहता येतो. उत्तर स्पेनमध्ये बुर्गोस शहराजवळ लास ऊएल्गास नावाचा ख्रिस्ती जोगिणींचा मठ आहे. कॅस्टिलच्या राजघराण्यातल्या माणसांना तिथे पुरले जाई. त्यांतली एक राणी बेरेंगेला, मृत्यू १२४६. तिचा पिता आल्फोन्सो आठवा याने १२१२च्या लढाईत त्याच अल-मुवह्हिदून राजवटीचे कंबरडे मोडले होते. तिच्या मुलाने, फेर्नांदो तिसरा याने, १२३६मध्ये कोर्दोबा आणि १२४८मध्ये सेविया जिंकून घेतले. अशा घराण्यातल्या या राणीच्या कबरीत तिच्या डोक्याखाली जी उशी मिळाली, ती अंदलुसी कारागिरीची आहे. रेशमाची आणि सोनेरी धाग्याची. तिच्यावर एक गोल नक्षी आहे आणि त्या गोलाच्या कडेने अरबी अक्षरे विणलेली आहेत : अल्लाहशिवाय दुसरा ईश्वर नाही, हा कलम्याचा पहिला भाग. ती उशी आजही त्या मठातल्या वस्त्रसंग्रहालयात आहे.

अल-मुवह्हिदून म्हणजे एकेश्वर मानणारे. स्पॅनिशमध्ये त्यांना 'आल्मोआदे' म्हणतात आणि उशीला 'आल्मोआदा'. दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण शिकणाऱ्याची गफलत हमखास होते. बापाने ज्यांना हरवले ते आल्मोआदे, आणि लेकीने शेवटची झोप घेतली ती आल्मोआदावर.

पुढे तर उशीला दरबारी मान मिळाला. स्पेनच्या श्रीमंत घरांत बायकांसाठी 'एस्त्रादो' नावाचा उंचवटा असे. त्यावर गालिचा आणि उश्या टाकून, मांडी घालून बसायची पद्धत सतराव्या शतकापर्यंत टिकली. आपल्या जुन्या दिवाणखान्यातली लोड-तक्क्याची बैठक आठवा, तसेच काहीसे. राणीसमोर उशीवर बसण्याचा अधिकार हा सर्वोच्च दर्जाच्या सरदार घराण्यांतल्या स्त्रियांचा खास मान होता. तो मान पहिल्यांदा मिळण्याच्या समारंभाला 'उशी घेणे' असेच नाव होते. आपण 'गादीवर बसणे' म्हणतो. त्यांच्याकडे बायका उशीवर बसून मोठ्या होत.

हुकूम आणि शब्द

१४९२मध्ये ग्रानादा पडले. तहात मुसलमानांना त्यांचा धर्म आणि रीतीरिवाज पाळू देण्याचे वचन होते. ते दहा वर्षेही टिकले नाही. सक्तीने धर्मांतरे झाली आणि अशा धर्मांतरित लोकांना 'मोरिस्को' म्हटले जाऊ लागले. सुरुवातीला राज्यकर्त्यांनाच त्यांची भाषा शिकावी लागली. १५०५मध्ये पेद्रो दे आल्काला या पाद्र्याने ग्रानादातल्या अरबीचा एक शब्दसंग्रह छापला, तो पाद्र्यांना या लोकांशी बोलता यावे म्हणून.

मग वारे फिरले. १५६७मध्ये राजा फेलिपे दुसरा याच्या नावाने हुकूम निघाला. तीन वर्षांत सर्वांनी कॅस्टिलची भाषा शिकावी; त्यानंतर अरबी बोलायची नाही, वाचायची नाही, लिहायची नाही, घरातसुद्धा नाही. पोशाख बदलावा. हमाम बंद. शुक्रवारी आणि सणाच्या दिवशी घराची दारे उघडी ठेवावीत, म्हणजे आत काय चालते ते दिसेल.

या हुकुमाविरुद्ध ग्रानादातल्या फ्रान्सिस्को नुन्येझ मुले या वृद्ध मोरिस्कोने एक लांब अर्ज लिहिला. अर्ज आजही उपलब्ध आहे आणि त्यातला मुद्दा आजही ताजा वाटतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : भाषा आणि पोशाख या प्रांताच्या गोष्टी आहेत, धर्माच्या नाहीत. जेरुसलेमचे ख्रिस्ती अरबी बोलतात, माल्टा बेटावरचे ख्रिस्ती अरबीच बोलतात, म्हणून ते कमी ख्रिस्ती ठरतात का? आणि जी म्हातारी माणसे जन्मभर एकच भाषा बोलत आली, ती तीन वर्षांत दुसरी कशी शिकणार?

अर्जाचा उपयोग झाला नाही. बंड झाले, ते १५७१पर्यंत चालले आणि मोडून काढले गेले. शेवटी १६०९ ते १६१४ या काळात मोरिस्कोंना स्पेनमधून हद्दपार करण्यात आले. सुमारे ३ लाख माणसे. त्यांतली बरीच ट्युनिसिया, अल्जीरिया, मोरोक्कोच्या किनाऱ्यांवर उतरली. ट्युनिसियातले तेस्तूर हे गाव अशाच लोकांनी वसवले.

याच सुमारास सेर्व्हांतेसची 'डॉन किहोते' ही कादंबरी आली. पहिला भाग १६०५, दुसरा १६१५. सेर्व्हांतेस स्वतः पाच वर्षे अल्जीयर्समध्ये कैदेत होता. मुसलमानांवर लोभ करण्याचे त्याला काही कारण नव्हते. तरी त्याने दुसऱ्या भागात दोन गोष्टी घातल्या. एका प्रकरणात डॉन किहोते आपल्या सेवकाला भाषेचा धडा देतो : 'आल'ने सुरू होणारे आपले शब्द अरबांकडून आलेले आहेत. यादीत गालिचा आहे, कोठार आहे, पैसे साठवायचा मातीचा गल्ला आहे. त्यातला एक शब्द प्रत्यक्षात लॅटिन निघाला, पण तो मुद्दा वेगळा. दुसऱ्या प्रकरणात रिकोते नावाचा हद्दपार झालेला मोरिस्को वेश बदलून स्पेनमध्ये परत येतो आणि त्याचा जुना शेजारी सांचो त्याला भेटतो. दोघे रस्त्याच्या कडेला बसून सोबत जेवतात. रिकोते सांगतो, जिथे गेलो तिथे स्पेनच्या आठवणीने रडलो. जन्म तिथलाच ना.

इथे थांबून विचार करावा असे मला वाटते. सरकारने भाषा बंद केली, कपडे बंद केले, हमाम बंद केले, शेवटी माणसे काढून दिली. पण रात्री प्रत्येक घरात गाल टेकला गेला तो 'आल्मोआदा'वरच. हद्दपारीचा हुकूम लिहिणाऱ्या कारकुनाचाही आणि त्यावर सही करणाऱ्या राजाचाही. उशीचा शब्द कुणाला परका वाटला नाही, म्हणून कुणी तो काढायला आले नाही.

यात काहींना विजय दिसेल. मला तसे वाटत नाही. शब्द उरला, पण ज्यांनी तो आणला ती माणसे उरली नाहीत, हे विजयाचे लक्षण नव्हे. भाषेने सांभाळले ते समाजाला सांभाळता आले नाही, एवढाच त्याचा अर्थ. शब्द स्वतःहून शिकला जातो तेव्हा तो घरचा होतो. जो शब्द विसरायला लावला जातो, त्याच्यासोबत माणसाचे घर जाते.

आपल्या पलंगावर

आता आपल्या घरी येऊ. पोर्तुगीज १५१०मध्ये गोव्यात आले आणि १९६१पर्यंत राहिले. त्यांच्याकडून मराठीने चावी घेतली, पाव घेतला, पगार घेतला, मेस्त्री घेतला. 'आल्मोफादा' मात्र मराठीत रुजला नाही. उशी आपल्याकडे आधीपासून होती आणि ती जागा सोडायला तयार नव्हती.

पण त्या उशीवर जे चढवतो, त्याचे काय? उशीच्या खोळीला मराठीत 'अभ्रा' म्हणतात. हा फारसी शब्द. फारसीत दुहेरी कापडाचा वरचा पदर तो 'अबरा' आणि आतला तो 'अस्तर'. दोन्ही शब्द आपण घेतले. आमच्या दख्खनी बोलणाऱ्या घरांत त्यालाच 'गिलाफ' म्हणतात, तो अरबी. स्पॅनिशमध्ये उशीच्या खोळीला 'फुंदा' म्हणतात आणि तो शब्द लॅटिन आहे. म्हणजे पाहा : तिकडे उशी अरबी आणि तिचा अभ्रा लॅटिन, इकडे उशी संस्कृत घराण्यातली आणि तिचा अभ्रा फारसी. दोन्हीकडे रोज रात्री एक भाषा दुसऱ्या भाषेला पांघरूण घालते.

उशीच्या आत काय असते? कापूस. हा शब्द संस्कृत 'कर्पास'चा. स्पॅनिशमध्ये कापूस म्हणजे 'आल्गोदोन', अरबी 'अल-कुत्न'वरून. इंग्रजी कॉटनही तिथलाच. आपल्या गावांत तो कापूस पिंजणारा पिंजारी. महाराष्ट्रात हे काम पिढ्यान्‌पिढ्या बहुतांशी मुसलमान पिंजारी घरांनी केले. त्यांतल्या काहींचे आडनाव नदाफ, ते अरबी 'नद्दाफ'वरून, अर्थ तोच : कापूस पिंजणारा. तात लावलेली लांब कमान खांद्यावर टाकून पिंजारी दारात यायचा. ओसरीवर किंवा अंगणात बसून तात छेडायचा, तिचा तो घुमणारा आवाज गल्लीभर जायचा, आणि दिवाळीच्या आधी, लग्नाच्या आधी, बाळंतिणीच्या खोलीसाठी गाद्या-उश्या नव्या होऊन जायच्या. कापूस मऊ होईपर्यंत पिंजारी घरच्यासारखाच चहा प्यायचा. ज्या उशीवर घरातल्या नव्या बाळाचे डोके ठेवले, ती कुणाच्या हातची, हे विचारायचे कुणाला सुचायचे नाही. आता यंत्रे आली, दुकानात तयार उश्या आल्या, तो आवाज गल्लीतून गेला. नदाफ आडनाव उरले आहे. मतदारयादीत ते दिसेल तेव्हा त्यातला कापूस आठवावा.

'तकिया' शब्दही मराठीने दोन रूपांत ठेवला. बैठकीवरचा तो तक्क्या. आणि गावाच्या कडेला फकीर जिथे टेकला, राहिला, ती जागा तकिया. कित्येक गावांत त्या नावाची वस्ती आहे आणि तिथे राहणाऱ्यांत सगळ्या जातीधर्मांचे लोक आहेत. माणूस ज्याला टेकतो ते त्याचे घर, असा त्याचा अर्थ लावायला हरकत नाही.

उशीखालचे दोन दोरे

रोजा आणि उशी यांचा संबंध सांगणारी एक हदीस आमच्याकडे लहानपणापासून ऐकवली जाते. कुरआनमध्ये रोजाच्या वेळेबद्दल सांगताना पहाटेची उपमा आली आहे : पांढरा दोरा काळ्या दोऱ्यापासून वेगळा दिसू लागेपर्यंत खावे-प्यावे. अदी नावाचे एक सहाबी होते, म्हणजे पैगंबर हजरत मुहंमद (स.) यांचे सोबती. हातिमताईच्या दानशूरपणाच्या गोष्टी मराठी वाचकांच्या जुन्या ओळखीच्या आहेत. हे अदी त्याच हातिमताईचे पुत्र, आधी ख्रिस्ती होते. त्यांनी हे वचन शब्दशः घेतले. एक पांढरा आणि एक काळा दोरा उशीखाली ठेवला आणि रात्रभर पुन्हा पुन्हा काढून पाहत राहिले. काही उमगेना. सकाळी त्यांनी पैगंबरांना सांगितले. पैगंबरांनी विनोदाने म्हटले की मग तुमची उशी फारच रुंद असली पाहिजे. कारण ते दोन दोरे म्हणजे रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड. ते दोन्ही जिच्याखाली मावतात ती उशी किती मोठी असेल!

या हदीसमध्ये उशीसाठी 'विसादा' असा दुसरा अरबी शब्द आहे. पण दोऱ्यांच्या त्या आयतीत 'पर्यंत' या अर्थाचा जो शब्द आहे, 'हत्ता', तो स्पॅनिशमध्ये रोजच्या रोज बोलला जातो. निरोप घेताना स्पॅनिश माणूस म्हणतो 'आस्ता मान्याना', उद्यापर्यंत. तो 'आस्ता' म्हणजे हाच 'हत्ता'. आणि काही चांगले व्हावे असे वाटले की तो 'ओहाला' म्हणतो. मुळात तेही अरबी, अल्लाहची इच्छा असेल तर. चर्चमधून बाहेर पडणारी आजीबाईही ते म्हणते आणि देव न मानणारा तरुणही.

'आल्मोआदा' शिकायचाच असेल तर आणखी दोन उपयोग लक्षात ठेवा. तिकडे फोनवरच्या चौकड्यासारख्या खुणेला, आपण ज्याला हॅश म्हणतो तिला, 'आल्मोआदिया' म्हणजे छोटी उशी म्हणतात. आणि एखादा निर्णय घाईने घ्यायचा नसेल तर स्पॅनिश माणूस म्हणतो, उशीशी सल्लामसलत करतो. रात्रभर डोके टेकून विचार करतो, सकाळी सांगतो. रागाच्या भरात मोबाइलवर काहीतरी पुढे ढकलण्याआधी हा सल्ला आपल्यालाही उपयोगी आहे. रमजानात राग आवरायला सांगितलेच आहे. उशीचा सल्ला घ्यायला मात्र महिना आणि धर्म पाहावा लागत नाही.

आज रात्री अंथरूण घालताना घरातल्या मोठ्या माणसांना विचारून पाहा. उशी, तकिया, गिर्दी, लोड, अभ्रा, गिलाफ, चादर, रजई : यांतला कोणता शब्द कुठून आला आणि तुमच्या आजोळी त्याला काय म्हणत. उत्तरे शोधता शोधता तुमच्या पलंगावर निदान तीन-चार देश येऊन बसतील. हातिमताईच्या मुलाची उशी रुंद निघाली, ती त्याची गैरसमजूत होती. भाषेची उशी मात्र खरोखरच तेवढी रुंद असते.